गिटारची जवारी

वसईत वाढलेल्या माणसाला घंटेचा आवाज ओळखायला शिकावं लागत नाही. पहाटे, दुपारी आणि तिन्हीसांजेला ती वाजते आणि वाजून झाल्यावरही वाडीतल्या केळींवर रेंगाळत राहते. नव्वदच्या दशकात एका मित्राकडे, नाताळच्या सुट्टीत, कितव्यांदा तरी नकललेली एक कॅसेट लावली होती. आधी पाऊस पडला. मग ढग गडगडले. मग लांबवर घंटा वाजली. स्वयंपाकघरात मित्राच्या आईचा हात सवयीने कपाळाकडे गेला, आणि त्याच क्षणी गिटार कोसळली. बिचारी माऊली तो हात तसाच घेऊन दारात आली आणि ‘काय पडलं रे?’ म्हणाली.

पडलं काहीच नव्हतं. ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधल्या चार पोरांचा त्याच नावाचा पहिला अल्बम सुरू झाला होता. तो बाजारात आला १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी. हेवी मेटलची कुंडली मांडायची झाली तर बहुतेक लोक हीच तारीख धरतात. त्यातला पाऊस आणि घंटा ध्वनिमुद्रणानंतर चिकटवलेली. गिटार मात्र खरी होती. आज पंचावन्नहून अधिक वर्षांनी लाखो गिटारवादकांकडे त्याहून महाग सामान आहे, आणि तरीही तो आवाज तीन सेकंदांत ओळखू येतो. का, एवढंच या लेखात शोधायचं आहे.

घंटेपासूनच सुरुवात करू, कारण ती आमच्या घरची. १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, भीमाशंकरला त्या आजही आहेत. म्हणजे खराखुरा ‘हेवी मेटल’ वसईतून महाराष्ट्रभर गेला तो अडीचशे वर्षं आधीच. घंटेचं काशं म्हणजे ढोबळमानाने चार भाग तांबं आणि एक भाग कथील. पण गंमत धातूपेक्षा तिच्या नादात आहे. तारेचे उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट असे शिस्तीत चढतात. घंटेचे तसे चढत नाहीत. युरोपी घडणीच्या घंटेत तर षड्जाच्या जोडीला चक्क कोमल गंधार ऐकू येतो. वाजवणारा कितीही आनंदात असो, घंटा थोडी उदासच वाजते ती त्यामुळे. तारेतून असा भरलेला, जड, किंचित करवादलेला नाद काढायचा, ही मेटलच्या गिटारवाल्याची खरी खटपट.

आपल्याकडे त्या खटपटीला जुनं नाव आहे: जवारी. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून किंचित गोलाई देतात, मग तारेखाली सुती दोरा सरकवतात. तार माथ्याला अगदी ओझरती घासत राहते आणि उपस्वरांचा फुलोरा उठतो. जवारी नसलेला तंबोरा स्वच्छ वाजतो, आणि कुणालाही नको असतो. इलेक्ट्रिक गिटारचं डिस्टॉर्शन हे त्याच जातीचं काम. तारेचा संकेत अ‍ॅम्प्लिफायरला झेपणार नाही इतका वाढवायचा. लाटेचं डोकं छाटलं जातं आणि त्या छाटण्यातून मूळ तारेत जेमतेम असलेले उपस्वर भरभरून बाहेर येतात. शिवाय हळू आणि जोरात यांतला फरक पुसट होतो, त्यामुळे सूर लवकर मरत नाही. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प हे डोकं जरा गोलाईने छाटतो, ट्रान्झिस्टर सपकन. गाणं शिकलेली माणसं याला ‘गोंगाट’ म्हणतात तेव्हा त्यांना मी तंबोऱ्याकडे बोट दाखवतो. ती हसतात. पटतं असं नाही.

मेटलमध्ये तीन सुरांचा पूर्ण कॉर्ड क्वचित का वाजतो, तेही यातूनच उलगडतं. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र घातले की त्यांच्या वजाबाकीचे नवे सूर जन्मतात. षड्ज-पंचमाचं प्रमाण दोनास तीन, वजाबाकी एक. म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज फुकट मिळतो आणि आवाज आहे त्याहून जाड होतो. गंधार घातला की गाडी बिघडते, कारण गिटारच्या पट्ट्यांवरचा शुद्ध गंधार खऱ्या गंधारापेक्षा बऱ्यापैकी चढा असतो आणि सगळे उपस्वर एकमेकांशी भांडतात. म्हणून गंधार वगळायचा, सा आणि प ठेवायचे. तंबोऱ्याच्या तारा मिळवतानाही बहुधा हेच दोन सूर लागतात. ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे विजेवर चालणारा, रागावलेला तंबोरा.

आता ब्लॅक सॅबथचा गिटारवाला, टोनी आयोमी. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, तो बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. आणि हा डावखुरा. म्हणजे गिटारच्या दांडीवर सूर दाबायचा तोच हात. डॉक्टरांनी वादन विसरायला सांगितलं. भाजलेल्या हाताच्या दोन बोटांनिशी जॅझ वाजवणाऱ्या जँगो राइनहार्टची तबकडी कुणीतरी ऐकवली, तेव्हा त्याने पुन्हा उचल खाल्ली. भांडी घासायच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे तिसऱ्या अल्बमच्या वेळी, १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये, तारांचा ताण आणखी कमी व्हावा म्हणून गिटार दीड स्वराने खाली उतरवली. तार सैल झाली, सूर खोल गेला. आज जगभरचे बँड खाली उतरवून वाजवतात ते दमदार वाटतं म्हणून. मूळ कारण होतं दुखरी बोटं.

बाकीची कहाणीही अशीच अडचणींची. पहिला अल्बम १९६९च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत जवळपास एका दिवसात उरकला. ध्वनिमुद्रण चालू असतानाच आयोमीच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप गेला, म्हणून त्याने जोडीला आणलेली गिब्सन एसजी उचलली. लेनी कंपनीचा अ‍ॅम्प, त्याच्या आधी तीव्र स्वर वाढवणारी छोटी रेंजमास्टर पेटी, आणि तीन सुरांची ती प्रसिद्ध रिफ: सा, वरचा सा, मग घसरून तीव्र मध्यम. पंचमावर टेकावंसं वाटतं, पण टेकू द्यायचं नाही. मारव्याची हुरहुर ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही अस्वस्थता परकी वाटणार नाही.

लक्षात राहणाऱ्या आवाजाला अशी एक खोच असते, जिथे सामान, हात किंवा खोली यांतलं काहीतरी कमी पडलं आणि वाजवणाऱ्याने ती उणीव झाकायच्या ऐवजी तिच्यावरच जवारी घासली. माझं म्हणणं एवढंच.

एडी व्हॅन हेलन हा खरं तर हार्ड रॉकचा माणूस, पण त्याला वगळून पुढे जाता येत नाही. १९७८च्या पहिल्या अल्बममधला त्याचा आवाज ‘ब्राउन साउंड’ म्हणून नावाजला. मार्शल अ‍ॅम्पला मिळणारी वीज तो व्हेरिअ‍ॅक लावून मुद्दाम कमी करायचा, त्यामुळे अ‍ॅम्प कमी आवाजात लवकर दमायचा. हे वाचलं तेव्हा आम्ही मित्र खूप हसलो. संध्याकाळी दिवे पिवळे पडून पंखे मोजता येतील इतके मंद व्हायचे त्या काळात अख्ख्या वसई-विरारला तपकिरी आवाज फुकट होता, फक्त मार्शल नव्हता.

ज्युडस प्रीस्टचा ‘ब्रिटिश स्टील’ (१९८०) कोरडा आणि मोकळा आहे; रिफच्या मध्ये हवा ठेवलेली. धातूच्या पावलांचा आवाज काढायला त्यांनी सुऱ्या-काट्यांचे ट्रे हलवले होते. आयर्न मेडनच्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’मध्ये (१९८२) डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ गंधाराच्या अंतराने एकत्र गातात, आणि भांडण होत नाही. कारण प्रत्येक गिटारचं डिस्टॉर्शन आपापल्या अ‍ॅम्पमध्ये होतं. दोन सूर हवेत भेटतात, व्हॉल्व्हमध्ये नाही. मेडनने २००८च्या आपल्या जगदौऱ्याची सुरुवात १ फेब्रुवारीला मुंबईतून केली.

मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’पाशी. प्रकाशन मार्च १९८६, ध्वनिमुद्रण कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत, निर्मितीला फ्लेमिंग रासमुसेन. जेम्स हेटफिल्डकडे मेसा बूगीचा अ‍ॅम्प होता, त्यावर आज संग्राहक जीव टाकतात. पण तोच अ‍ॅम्प विकत घेतलेले शेकडो जण तो आवाज काढू शकलेले नाहीत. त्याचं रहस्य उजव्या मनगटात आहे. हेटफिल्ड शक्य तिथे प्रत्येक आघात वरून खालीच मारतो. वर-खाली मारणं निम्म्या कष्टात होतं, पण मग वजन एक आड एक पडतं. सगळे आघात खाली असले की प्रत्येकाला सारखा भार मिळतो. उखळात मुसळ पडावं तसा. शिवाय तळव्याची कड घोडीवर टेकवून तार अर्धी गप्प करायची, म्हणजे ‘धूं’ऐवजी ‘धुक्’ येतं. आणि मग तोच भाग पुन्हा, पहिल्यापासून, तितक्याच अचूकपणे वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवायचा. दोन्हींत केसाएवढा फरक पडतो. तेवढ्या फरकात गिटार भिंतीएवढी रुंद होते. दिंडीतले टाळ यंत्राने एकसारखे वाजवले तर मजा जाईल, तसंच हे.

त्यांचाच पुढचा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ (१९८८) उलट बाजूने शिकवतो. त्यात नव्या आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बास ऐकूच येत नाही. गिटारचे मधले स्वर खरवडून काढलेले, खाली आधार नाही. आवाज कोरड्या करवतीसारखा. आपण ज्याला ‘गिटारचं वजन’ म्हणतो त्यातलं निम्मं बासचं असतं, हे तेव्हा उघडं पडलं. आणि तरीही, हे कबूल केलं पाहिजे, तो अल्बमही तीन सेकंदांत ओळखू येतो. खोड हीसुद्धा ओळख असते.

त्याच १९८६च्या ऑक्टोबरात स्लेअरचा ‘रेन इन ब्लड’ आला, जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटांचा. रिक रुबिनने त्यातली घुमाऱ्याची झूल काढून टाकली. इतक्या वेगात प्रतिध्वनी म्हणजे चिखल. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत एन्टूम्डने ‘लेफ्ट हँड पाथ’ (१९९०) केला तेव्हा बॉस कंपनीच्या एचएम-२ या स्वस्त पेडलची सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवून ठेवली. शहाण्या लोकांनी टाकून दिलेलं ते पेडल तेव्हापासून एका अख्ख्या शैलीची सही आहे. आणि ‘व्हॉल्व्हशिवाय मेटल नाही’ म्हणणाऱ्यांनी पँटेराचा ‘व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर’ (१९९२) ऐकावा. त्यांच्या गिटारवाल्याचा, डाइमबॅगचा, रँडॉल अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा होता.

ही शेवटची माहिती आमच्यापर्यंत फार उशिरा पोचली. आमच्याकडे ट्रान्झिस्टरशिवाय होतं काय? गिटार बहुधा कोलकात्याची गिवसन, चर्चच्या गायकवृंदात अर्धं आयुष्य काढलेली. अ‍ॅम्प म्हणजे लग्नाच्या मांडवातला देशी लाउडस्पीकरचा डबा. एका मित्राने जुन्या रेडिओतून डिस्टॉर्शन काढलं आणि आठवडाभर तो आमच्यातला आयोमी होता. मग एका संध्याकाळी रेडिओ जळाला. खरेदीची पंढरी मरीन लाइन्सला उतरून धोबी तलाव. तिथे फुर्ताडोच्या काचेतून गिटारी बघायच्या, एक तारांचा जुडगा घ्यायचा आणि विरार लोकलच्या लगेजच्या डब्यात मासळीच्या पाट्यांमध्ये गिटार उभी धरून परतायचं. तिथूनच चार पावलांवर, झेवियर्स कॉलेजच्या मागे, रंगभवन. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा उत्सव तिथे भरायचा. ‘रॉक मशीन’मधला महेश तिनईकर हा त्या काळी आम्हाला आपला वाटणारा गिटारवाला, त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ १९८८चा. रंगभवनच्या उघड्या आकाशाखाली गिटारचे निम्मे स्वर वाऱ्यावर जायचे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी तिथला आवाज बंद झाला, आणि उत्सव अंधेरीला चित्रकूट मैदानावर गेला.

मुंबईच्या पुढच्या पिढीने, डेमॉनिक रेझरेक्शन, भयानक मौत, स्क्राइब यांनी, स्वतःचे अल्बम केले आणि चांगले केले. विष्णूच्या दहा अवतारांवर मेटल अल्बम (‘दशावतार’, २०१७) होऊ शकतो हे साहिल मखिजाच्या डेमॉनिक रेझरेक्शननेच दाखवलं. आता परिस्थिती अशी आहे की नालासोपाऱ्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत, शेजाऱ्यांची झोप न मोडता, संगणकात आयोमीचा लेनी, हेटफिल्डचा मेसा आणि सगळ्या नामांकित अ‍ॅम्पच्या हुबेहूब नकला मिळतात. तक्रार करायची सोय नाही. पण आताशा ऐकलेल्या बऱ्याच नव्या ध्वनिमुद्रणांत, इथल्या आणि परदेशातल्याही, गिटार निर्दोष असते आणि कुणाची ते सांगता येत नाही. डाव्या-उजव्या बाजू इतक्या सारख्या जुळवलेल्या असतात की टाळ एकच वाटतो. जवारी विकत मिळत नाही. माथा आपला आपणच घासावा लागतो.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजले. सतरा दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला. आयोमीच्या बोटांवर त्या दिवशीही टोप्या होत्या.

वाचकहो, हा अंक बाजूला ठेवल्यावर एक करा. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ लावा, इअरफोन घालून. एक मिनिटाने उजव्या कानातला काढा, नुसता डावा हेटफिल्ड ऐका. मग तो काढून उजवा ऐका. नंतर दोन्ही घाला, आणि विरार लोकलमध्ये असाल तर भाईंदरच्या खाडीच्या पुलावर आवाज थोडा वाढवा.