सागरी प्रचालन प्रणालीतील वायवीय क्लच : रचना व कार्य

प्रस्तावना :
डिझेल इंजिन ठरावीक किमान गतीपेक्षा हळू चालू शकत नाही आणि मध्यम गतीची अनेक सागरी इंजिने एकाच दिशेने फिरतात. जहाजाला मात्र बंदरात थांबावे लागते, प्रसंगी मागेही सरकावे लागते. ही विसंगती दूर करण्याचे कार्य क्लच व दंतचक्रपेटी करतात. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे किनाऱ्यावर उतरविण्यासाठी अमेरिकेने एल.एस.टी. वर्गाची एक हजाराहून अधिक जहाजे बांधली. प्रत्येक जहाजावर ९०० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने होती. किनाऱ्याच्या वाळूत रुतलेले जहाज मागे घेण्यासाठी प्रोपेलर उलट फिरणे आवश्यक होते. त्यासाठी वायवीय क्लचचा उपयोग करण्यात आला.

रचना :
इंजिनाच्या बाजूस एक कडे व दंतचक्राच्या बाजूस एक ड्रम असतो. कड्याच्या आतील अंगास रबर व दोऱ्यांच्या थरांची पोकळ नळी बसविलेली असते आणि नळीच्या आतील बाजूस घर्षणपट्ट्या असतात. दंडाच्या मध्यातील छिद्रातून संपीडित हवा या नळीत पोहोचते.

कार्यपद्धती :
हवा भरताच नळी फुगते, पट्ट्या ड्रमला आवळतात व इंजिनाची शक्ती पुढे जाते. हवा सोडताच नळीची स्थितिस्थापकता आणि अपकेंद्री बल पट्ट्यांना ड्रमपासून दूर करतात. पट्ट्या झिजल्या तरी नळी अधिक फुगून ती उणीव भरून काढते. शिवाय रबर इंजिनाची पिळाची कंपने काही अंशी शोषून घेते, त्यामुळे दंतचक्रांचे रक्षण होते.

पुढील व मागील गतीसाठी स्वतंत्र क्लच असतात. दोन्ही एकाच वेळी जोडले जाणार नाहीत अशी योजना असते. दिशा बदलताना प्रथम इंजिनाची गती कमी करतात, जोडलेला क्लच रिकामा करतात व नंतरच दुसरा भरतात. येथे वेळेचे नियमन महत्त्वाचे ठरते. हवा फार हळू भरली तर पट्ट्या घसरत राहून तापतात व जळतात. एकदम भरली तर दंतचक्रांना धक्का बसतो आणि इंजिन बंद पडू शकते. म्हणून प्रथम कमी दाब व पकड जमल्यावर पूर्ण दाब दिला जातो.

मर्यादा :
जे अपकेंद्री बल क्लच सोडविण्यास मदत करते, तेच जोडलेल्या स्थितीत पकड कमी करते. गती दुप्पट झाल्यास हे बल चौपट होते. त्यामुळे मंद गतीत पुरेसा वाटणारा दाब पूर्ण गतीत अपुरा पडू शकतो. पट्ट्यांवर तेल सांडल्यासही पकड घटते. हवेचा पुरवठा तुटल्यास क्लच सुटतो व जहाज शक्तिहीन होते. यास्तव राखीव हवासाठा, कमी दाबाची सूचना देणारी घंटा आणि काही रचनांत क्लच बोल्टांनी जखडण्याची सोय केलेली असते.

निष्कर्ष :
वायवीय क्लचची विश्वसनीयता केवळ हवेच्या दाबावर नव्हे, तर तो दाब केव्हा व किती वेगाने दिला जातो यावरही अवलंबून असते. म्हणून झडपा, नळ्या व दाबमापक यांची नियमित तपासणी हा जहाजाच्या सुरक्षिततेचाच भाग मानला पाहिजे.