आपल्या गाण्यांची मालकीण

गावच्या जत्रेत डफावर थाप मारून उभा राहणारा शाहीर वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. निदान वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्याचे वर्णन तरी ऐकले असेल. कवन त्याचे, चाल त्याची, आवाज त्याचा, आणि कार्यक्रम आटोपल्यावर कवनांची छोटी चोपडी विकणारा हातही बहुधा त्याचाच. गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये तिसरे कोणी नसे. पुढे ध्वनिमुद्रणाचे युग आले आणि रेकॉर्ड काढणारी कंपनी या दोघांच्या मध्ये येऊन बसली. तिच्यामुळे गाणे दूरदूरच्या घरांत पोहोचले, हा तिचा उपकारच म्हटला पाहिजे. परंतु 'हे गाणे आता कोणाचे?' हा प्रश्नही तिच्याच पावलांनी आला. अमेरिकेतील आनी डिफ्रँको या गायिकेने या प्रश्नाचे उत्तर नुसत्या शब्दांनी न देता तीस वर्षांहून अधिक काळ चालविलेल्या उद्योगाने दिले आहे. त्यांची हकीकत म्हणूनच जाणून घेण्याजोगी आहे.

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी, बफलो नावाचे शहर आहे. पोलादाचे कारखाने आणि धान्याची प्रचंड कोठारे यांच्या बळावर एके काळी भरभराटलेल्या या शहराला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उतरती कळा लागली. अशा शहरात २३ सप्टेंबर १९७० रोजी आनीचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी तिच्या हाती गिटार आली. मायकेल मेल्ड्रम नावाचे एक स्थानिक गायक तिला गुरुस्थानी लाभले. त्यांच्याबरोबर ही चिमुरडी शहरातील उपाहारगृहांतून व पानगृहांतून 'बीटल्स' मंडळींची गाणी म्हणू लागली. थोड्याच वर्षांत ती स्वतःची गाणी रचू लागली. पुढे आईवडील विभक्त झाले, आई दुसऱ्या राज्यात राहावयास गेली, आणि पंधराव्या वर्षी कायद्याने स्वतंत्र सज्ञान व्यक्ती ठरून ही मुलगी बफलोतच एकटी राहू लागली. ज्या वयात आपल्याकडील मुले दहावीच्या परीक्षेची चिंता करतात, त्या वयात तिला घरभाड्याची चिंता करावी लागली.

त्यानंतर आनी न्यूयॉर्क शहरात आली. तेथील 'न्यू स्कूल' या संस्थेत सेकू सुंडियाटा या कवीच्या हाताखाली तिने काव्याचे शिक्षण घेतले. मोठ्याने म्हटल्यावर कविता कशी उभी राहते, ही दृष्टी तिला तेथे मिळाली. कार्यक्रम संपल्यावर श्रोते विचारीत, 'तुमची कॅसेट कोठे मिळेल?' या विचारण्यातूनच १९९० साली तिची पहिली कॅसेट निघाली आणि तिच्यासाठी तिने स्वतःचीच एक लहानशी कंपनी काढली. ही कंपनी पुढे 'रायचस बेब रेकॉर्ड्स' या नावाने प्रसिद्धीस आली. नावाचा अर्थ 'सत्त्वशील पोरगी' असा काहीसा विनोदी आहे. संस्थापिकेचे वय त्या वेळी जेमतेम एकोणीस-वीस होते.

या ठिकाणी रेकॉर्ड-व्यवसायाची रीत थोडी समजावून घेतली पाहिजे. मोठी कंपनी नव्या कलावंताशी करार करते, तेव्हा ती त्याला काही रक्कम आगाऊ देते आणि ध्वनिमुद्रणाचा व प्रसिद्धीचा भार उचलते. कलावंताला विक्रीतून जो लहानसा हिस्सा मिळावयाचा, त्यातून ही आगाऊ रक्कम आणि ठरलेला खर्च आधी वळता होतो. तोवर त्याच्या पदरात काही पडत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी सामान्यतः कंपनीकडे जाते. आपलाच आवाज, पण त्याच्या प्रती केव्हा काढाव्यात आणि कोणाला वापरू द्याव्यात, हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याचा!

आनीची कीर्ती वाढू लागली तशा कंपन्या तिच्याकडे येऊ लागल्या. तिने त्यांना नकार दिला. नकार देणे सोपे असते. त्याची किंमत मोजणे कठीण असते. ही किंमत त्यांनी रस्त्यावर मोजली. महाविद्यालये, लोकसंगीताचे मेळावे आणि लहान सभागृहे यांतून त्या गावोगाव हिंडल्या. गाडीत गिटार आणि कॅसेटची खोकी असत. एका विद्यार्थ्याने घेतलेल्या कॅसेटच्या नकला त्याच्या मित्रांत फिरत आणि पुढच्या वर्षी त्याच गावी दुप्पट श्रोते जमत. जवळजवळ दर वर्षी त्यांचा एक तरी नवा गीतसंग्रह निघत गेला.

त्यांच्या वादनाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गिटारचा उपयोग पुष्कळ गायक केवळ साथीपुरता करतात. डिफ्रँको मात्र तिच्यातून तालवाद्याचेही काम काढून घेतात. तारांवर त्यांची बोटे इतक्या जोराने आघात करतात की नखे टिकत नाहीत. म्हणून बोटांना कृत्रिम नखे लावून ती विजेच्या कामातील चिकटपट्टीने बांधण्याचा उपाय त्यांनी शोधून काढला. तारा नेहमीच्या स्वरांत न लावता गाण्यागणिक निराळ्या स्वरांत लावण्याचीही त्यांना हौस आहे. गिटारखेरीज बास, कळफलकाची वाद्ये आणि तालवाद्ये त्या वाजवितात. २००४ सालच्या 'एज्युकेटेड गेस' या संग्रहात तर रचना, गायन, सर्व वाद्यांचे वादन आणि ध्वनिमुद्रण ही सारी कामे त्यांनी एकटीने केली.

१९९७ साली त्यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांचे 'लिव्हिंग इन क्लिप' हे जोड-ध्वनिमुद्रण निघाले आणि मोठ्या खपाबद्दल दिले जाणारे 'गोल्ड' प्रमाणपत्र त्याला लाभले. आता व्यापारी जगालाही या बाईंचे कौतुक वाटू लागले. एका प्रतीमागे त्यांना चार डॉलरांहून अधिक मिळतात, मोठ्या कंपन्यांच्या लोकप्रिय गायकांनाही इतके मिळत नाहीत, असे हिशेब वर्तमानपत्रांतून झळकले. 'मिझ' या स्त्रियांच्या नियतकालिकाने हाच हिशेब देऊन त्यांचा गौरव केला, तेव्हा डिफ्रँकोंनी संपादकांना एक अनावृत पत्र लिहिले. तक्रारीचा सूर असा की, माझी ओळख नफ्याच्या आकड्यावरून का करून देता? मी गाणी रचणारी आहे. धंदा मी केला तो गाण्याला मोकळीक राहावी म्हणून. साधन आणि साध्य यांतील हा भेद यशाच्या भरात विसरला जातो. त्यांना तो ऐन यशातच आठवला.

हा भेद त्यांच्या कृतीतही दिसतो. कंपनीचे ठाणे त्यांनी न्यूयॉर्कला न हलविता बफलोतच ठेवले, जेणेकरून आपल्या पडत्या काळातील शहराला चार कामे मिळावीत. शहरातील डेलावेअर मार्गावर एकोणिसाव्या शतकातील एक भव्य चर्च मोडकळीस आले होते आणि १९९० नंतरच्या दशकात ते पाडून टाकण्याची भाषा सुरू झाली होती. डिफ्रँको आणि त्यांचे सहकारी स्कॉट फिशर यांनी ती वास्तू वाचविली, तिचा जीर्णोद्धार केला आणि २००६ च्या सुमारास तेथे संगीतसभागृह, कलादालन व कंपनीचे कार्यालय यांचा संसार मांडला. 'बेबव्हिल' या नावाने ती वास्तू ओळखली जाऊ लागली.

स्वतःला मिळालेली मोकळीक त्यांनी इतरांनाही दिली. युटा फिलिप्स या वृद्ध लोकगायकाच्या गोष्टींना त्यांनी संगीताची जोड देऊन त्या नव्या पिढीपुढे आणल्या. अनाईस मिचेल या तरुण गीतकर्त्रीचा 'हेड्सटाउन' हा ग्रीक पुराणकथेवरील गीतसंग्रह २०१० साली याच कंपनीने काढला आणि त्यात पर्सेफनीची गाणी स्वतः डिफ्रँको गायल्या. त्या संग्रहावरून सिद्ध झालेल्या संगीत नाटकाला २०१९ साली सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला. पुढे २०२४ साली ब्रॉडवेच्या रंगमंचावर पर्सेफनीची भूमिका काही महिने डिफ्रँकोंनीच केली.

स्वातंत्र्याचे चटकेही त्यांना बसले. २००५ साली हाताच्या स्नायुबंधांच्या विकाराने त्यांना अनेक महिने दौरे थांबवावे लागले. जिची सारी कमाई दहा बोटांवर, तिला हा आघात लहान नव्हे. २०१३ साली लुइझियाना राज्यातील एका मळ्यावर त्यांनी संगीत-शिबिर योजिले. तेथे पूर्वी कृष्णवर्णीय गुलामांना राबविले जात असे, म्हणून लोकांनी कठोर टीका केली. शिबिर रद्द करण्यात आले. त्यांचे पहिले निवेदन लोकांना पटले नाही, तेव्हा त्यांनी दुसरे काढून स्पष्ट क्षमा मागितली. चुकीचे खापर फोडावयास वर कोणी धनी नसणे, हाही स्वतंत्रपणाचाच एक भाग आहे.

आपल्या देशातही गीतकार व संगीतकार यांची स्वामित्वधनाची तक्रार जुनी होती. २०१२ साली प्रतिमुद्रा अधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटांतील गाण्यांच्या स्वामित्वधनात त्यांचा समान वाटा राखला गेला आणि तो हक्क सोडून देण्याचा करारही निष्फळ ठरविण्यात आला. आज घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी खोलीत बसून गाणे रचते, वाद्ये वाजविते आणि त्याच दिवशी ते जगापुढे ठेवू शकते. कॅसेटची खोकी वाहण्याचे कष्ट आता उरले नाहीत. पण करारावर सही करण्यापूर्वी तो वाचणे, हिशेबाची वही स्वतः पाहणे आणि आपल्या कामाची मालकी कोणाकडे जाते हे विचारणे, ही कामे अद्याप तशीच आहेत. तुमच्या घरी असा गाणारा कोणी असेल, तर त्याच्या रियाजाची जितकी चौकशी करता, तितकीच त्याच्या कागदपत्रांचीही करा.