मौखिक इतिहासाच्या मुलाखतींचे चित्रीकरण : कॅमकॉर्डरची मांडणी व हाताळणी

बीजशब्द : मौखिक इतिहास, १९७२ चा दुष्काळ, कॅमकॉर्डर, ध्वनिमुद्रण, संमती, जतन.

प्रस्तावना :

१९७२ च्या दुष्काळात विशी-पंचविशीत असलेली माणसे आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. शासकीय कागदपत्रांतून कामांची संख्या, मजुरांची हजेरी व खर्चाचे आकडे मिळतात. परंतु परदेशातून आलेल्या 'मिलो'ची भाकरी कशी लागत असे, सुकडीच्या रांगेत कोण कोठे उभे राहत असे, तान्हे मूल खडीच्या ढिगाशेजारी कसे निजवले जात असे, हे त्या माणसांनी सांगितल्यावाचून कळत नाही. ही पिढी झपाट्याने कमी होत असल्याने महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र व मराठी विभागांनी अशा मुलाखती हाती घेणे आवश्यक आहे.

निवेदन शब्दांत उतरवून घेतले तरी त्यातील बरेच काही निसटते. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक जात्यावरील ओव्या संकलित झाल्या. तथापि त्यांतील काहींचेच ध्वनिमुद्रण होऊ शकले. उरलेल्या ओव्यांचे शब्द आहेत, पण गाणारीचा गळा नाही. मुलाखतीच्या बाबतीतही सांगणाऱ्याचा थांबा, चेहरा आणि हातवारे हा पुराव्याचाच भाग असतो. हा पुरावा टिकावा यासाठी कॅमकॉर्डरची मांडणी कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. मुलाखत देणाऱ्या व्यक्तीस येथे 'निवेदक' असे म्हटले आहे.

स्वयंचलित सोयींची मर्यादा :

घरगुती कॅमकॉर्डर हा प्रामुख्याने लग्नसमारंभ, सहली यांसाठी तयार झालेला आहे. तेथे दृश्य क्षणाक्षणाला बदलते, म्हणून फोकस, प्रकाश, रंग व आवाज या चारही गोष्टी यंत्र स्वतःच ठरवते. मुलाखतीत मात्र एक व्यक्ती एका जागी बसून तास-दीड तास बोलते. तेथे यंत्राचा प्रत्येक स्वयंनिर्णय व्यत्यय ठरतो. निवेदकाने हातोडा उगारल्याची खूण करण्यासाठी हात पुढे नेला, की फोकस हाताकडे धावतो आणि चेहरा पुसट होतो. म्हणून हे निर्णय मुलाखतीपूर्वी संशोधकाने स्वतः घ्यावेत आणि मुलाखत सुरू झाल्यावर यंत्राला हात लावू नये, हे या कामाचे मुख्य सूत्र होय.

जागा व प्रकाश :

निवेदकाला त्याच्या नेहमीच्या जागी बसू द्यावे. आजी घोंगडीवर बसून बोलत असतील, तर त्यांना यंत्राच्या सोयीसाठी खुर्चीवर बसवू नये. तिपाईच खाली घ्यावी. कॅमेऱ्याची काच निवेदकाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावी. कॅमेरा वरून रोखला, तर बोलणारी व्यक्ती लहान व दबलेली दिसते.

ग्रामीण घरांत उघडे दार हाच बहुधा प्रकाशाचा मुख्य स्रोत असतो. दाराकडे पाठ करून निवेदकाला बसवल्यास चेहरा काळवंडतो. दार किंवा खिडकी निवेदकाच्या समोर, परंतु एका बाजूला येईल अशी बैठक ठेवावी. चेहऱ्याची दुसरी बाजू फारच अंधारी वाटल्यास थर्मोकोलचा पांढरा तक्ता किंवा धुतलेले धोतर त्या बाजूला धरून प्रकाश परतवता येतो. दिवसाचा प्रकाश व विजेचा पिवळा दिवा एकत्र करू नये. दोहोंचे रंगमान वेगळे असल्याने एकाच चेहऱ्यावर निळसर व पिवळसर अशा दोन छटा उमटतात.

चौकट :

केवळ चेहरा दाखवणारी चौकट परिणामकारक वाटते, परंतु संशोधनासाठी ती अपुरी ठरते. दुष्काळी कामावर गेलेली स्त्री टोपले किती मोठे होते, घमेले कसे उचलीत, हे हातांनी सांगते. म्हणून कमरेपासून डोक्यापर्यंतचा भाग व दोन्ही हात चौकटीत राहतील असे पाहावे. प्रश्न विचारणाऱ्याने काचेच्या अगदी शेजारी, निवेदकाच्याच उंचीवर बसावे. त्यामुळे नजर कॅमेऱ्याजवळ राहते आणि संवादही नैसर्गिक होतो. ज्या बाजूला निवेदक पाहतो, त्या बाजूला चौकटीत थोडी अधिक मोकळी जागा सोडावी. भावनेच्या क्षणी झूम करून चेहरा जवळ आणण्याचा मोह टाळावा. तसे करणे म्हणजे निवेदकाच्या दुःखावर बाहेरून दिलेला अभिप्राय होय.

फोकस, प्रकाशमान व रंग :

ही मांडणी पुढील क्रमाने करावी. प्रथम झूम पूर्ण पुढे नेऊन निवेदकाच्या डोळ्यांवर फोकस साधावा, तो हस्तचलित स्थितीत कायम करावा आणि मग झूम मागे आणून चौकट ठरवावी. डिजिटल झूम बंद ठेवावा. तो चित्रातील तपशील वाढवीत नाही, केवळ असलेले चित्र ताणतो.

दुसरी बाब शटरची. भारतात विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने जुन्या प्रकारच्या ट्यूबचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० सेकंद ठेवल्यास प्रत्येक चित्रात अशी दोन पूर्ण आवर्तने सामावतात व लुकलुक दिसत नाही. त्यानंतर प्रकाशमान चेहऱ्यावर ठरवून स्थिर करावे. पांढरा फेटा किंवा पांढरे लुगडे असल्यास स्वयंचलित कॅमेरा एकंदर चित्र मंद करतो आणि सावळा चेहरा अधिकच गडद होतो. फेट्याच्या एखाद्या घडीचा तपशील गेला तरी चालेल. चेहऱ्याचा जाता कामा नये.

शेवटी, निवेदकाच्या चेहऱ्याजवळ पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स निश्चित करावा. तो स्वयंचलित ठेवल्यास ढग आला की चित्राचा रंग बदलतो.

आवाज :

चित्र थोडे सदोष असले तरी मुलाखत उपयोगी पडते. आवाज अस्पष्ट असेल, तर तिचे लिप्यंतरणच होऊ शकत नाही. कॅमेऱ्यातील अंगचा माईक दोन मीटरवरून निवेदकाबरोबर पंखा, कोंबड्या व रस्त्यावरील ट्रॅक्टरही टिपतो. म्हणून बाहेरून माईक जोडण्याची सोय व हेडफोनची खाच असलेलाच कॅमकॉर्डर घ्यावा.

कॉलर माईक हनुवटीखाली सुमारे एक वीत अंतरावर लावावा. पदराची घासणी, मण्यांच्या माळेचा व मंगळसूत्राचा आघात माईकला होणार नाही, याची खात्री करावी. स्त्री निवेदक असल्यास माईक त्यांनी स्वतः किंवा घरातील सुनेने, लेकीने लावावा. आवाजाची पातळी निवेदकाला जेवणाखाण्याविषयी सहज बोलते करून ठरवावी. मोठ्यात मोठा उच्चार उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा. शून्यापर्यंत गेलेला डिजिटल आवाज फाटतो व तो नंतर पूर्ववत करता येत नाही.

आवाजाचे स्वयंचलित नियंत्रण बंद करणे ही या संपूर्ण मांडणीतील सर्वांत महत्त्वाची कृती होय. निवेदक थांबला की यंत्राला आवाज कमी झाल्याचे जाणवते, ते संवेदनक्षमता वाढवते आणि त्या शांततेत पंख्याची घरघर उसळून येते. "त्या वर्षी धाकटा गेला", असे सांगून आजी अर्धा मिनिट गप्प राहिल्या, तर ती शांतता हेही निवेदनच असते. यंत्राने ती गोंगाटाने भरून काढता कामा नये.

शक्य असल्यास पंखा व फ्रीज बंद ठेवावेत. मात्र मुलाखतीनंतर फ्रीज पुन्हा सुरू करण्यास विसरू नये. पत्र्याच्या छपराखाली पावसात मुद्रण करू नये. उघड्या भिंतींचा घुमारा कमी करण्यासाठी जमिनीवर सतरंज्या व गोधड्या अंथराव्यात. प्रारंभी खोलीतील नुसत्या शांततेचे ३० सेकंद मुद्रण करावे. संपादनात त्याचा उपयोग होतो.

प्रत्यक्ष मुलाखत :

दोघांचा गट पुरेसा असतो. एकाने प्रश्न विचारावेत. दुसऱ्याने हेडफोन लावून आवाज, बॅटरी व कार्डावरील शिल्लक जागा यांवर लक्ष ठेवावे. सेकंदाला २४ मेगाबिट या दराने एका तासाचे चित्रण सुमारे ११ जीबी होते. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पावणेतीन तासांहून अधिक अपेक्षा ठेवू नये. विजेच्या भरवशावर न राहता दोन भारित बॅटऱ्या न्याव्यात. प्रारंभी तारीख, गाव व उपस्थितांची नावे कॅमेऱ्यासमोर उच्चारावीत.

पहिला प्रश्न सोपा व मूर्त असावा : "आजी, त्या वर्षी घरात खाणारी माणसं किती होती?" प्रश्नकर्त्याने 'हं', 'बरं' असे न म्हणता केवळ मान डोलवावी, कारण त्याचा प्रत्येक हुंकार निवेदनावर उमटतो. "झालं, एवढंच" असे निवेदकाने म्हटल्यावर लगेच मुद्रण थांबवू नये. औपचारिकता संपली असे वाटताच सर्वांत मोलाची आठवण अनेकदा त्यानंतर येते. तथापि मुद्रण चालू आहे, हे निवेदकाला ठाऊक असलेच पाहिजे.

संमती :

कॅमेरा पिशवीतून काढण्यापूर्वी मुलाखतीचा उद्देश, ती कोण पाहणार व कोठे ठेवली जाणार, हे निवेदकाच्या बोलीत सांगावे. लिहिता-वाचता न येणाऱ्या निवेदकाकडून केवळ अंगठा न घेता तोंडी संमती मुद्रित करावी. भुकेची, पाणवठ्यावरील भेदभावाची, सावकाराच्या दारातील अपमानाची आठवण गावात आजही झोंबू शकते. एखादा भाग गाळण्याचा किंवा मुद्रण थांबवण्याचा निवेदकाचा हक्क निरपवाद मानावा. मुलाखतीची प्रत त्यांना घरात पाहता येईल अशा स्वरूपात पोहोचती करावी.

जतन :

१९९५ पासून प्रचारात आलेल्या मिनीडीव्ही फितींवर अनेक विभागांनी मुलाखती घेतल्या. एका तासाची अशी फीत संगणकावर सुमारे १३ जीबी जागा घेते. आता फितींचे कॅमकॉर्डर मागे पडले असून चालू स्थितीतील यंत्रे दुर्मीळ होत आहेत. कपाटात पडून असलेल्या फिती विनाविलंब संगणकावर उतरवणे निकडीचे आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या शोआ फाउंडेशनलाही नाझी वंशसंहारातून वाचलेल्यांच्या व साक्षीदारांच्या ५० हजारांहून अधिक मुलाखती फितींवरून डिजिटल स्वरूपात आणण्याचे प्रचंड काम करावे लागले.

कार्डावरील मुद्रणाबाबत वेगळी दक्षता लागते. दीर्घ मुद्रणाचे कॅमकॉर्डर बहुधा अनेक तुकडे करतो; म्हणून सुट्या फायली न उचलता कार्डावरील संपूर्ण रचना जशीच्या तशी उतरवावी. दोन ठिकाणी प्रत झाल्याची व ती चालत असल्याची खात्री होईपर्यंत कार्ड पुसू नये. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक महाविद्यालयाबाहेर, हा नियम पाळावा. प्रत्येक मुलाखतीसोबत कोणत्या मिनिटाला कोणता विषय आला, याची टिपणवही ठेवावी; अन्यथा शंभर तासांच्या संग्रहात हवे ते सापडत नाही.

समारोप :

कॅमकॉर्डर वापरणे सोपे आहे. तो मुलाखतीसाठी सिद्ध करण्यास मात्र पाऊण तास लागतो. तो वेळ अगोदर दिल्यास पुढचा तास-दीड तास संशोधकाला यंत्राकडे पाहावे लागत नाही आणि त्याचे सर्व लक्ष समोरच्या व्यक्तीकडे राहते. आपले बोलणे कोणीतरी मन लावून ऐकत आहे, हे निवेदकाला जाणवले तरच पन्नास वर्षे मनात ठेवलेली गोष्ट ओठांवर येते. ती येईल त्या क्षणी फोकस स्थिर, चेहरा उजळ आणि आवाज स्वच्छ असावा, एवढेच यंत्राकडून अपेक्षित आहे.