चावणारा कुत्रा आणि राखणारा कुत्रा

आमचे एक स्नेही बदली होऊन गडचिरोली जिल्ह्यांत राहावयास गेले. बिऱ्हाड गांवाच्या अगदीं कडेला. परसाच्या कुंपणापलीकडे दोन बांध्या आणि मग थेट जंगल. घरांत पांच वर्षांची कन्या व वृद्ध मातुश्री. पहिल्याच पंधरवड्यांत शेजाऱ्याचें वासरूं बिबट्यानें नेलें. तेव्हां त्यांनीं आम्हांस लिहिलें कीं, चांगला कडवा, अंगावर जाणारा, शिकवून तयार केलेला कुत्रा कोठें मिळेल तें कळवावें. पैशाकडे पाहावयाचें नाहीं. त्यांनीं कोठेंसें एक चलच्चित्र पाहिलें होतें. त्यांत एक धिप्पाड जर्मन कुत्रा धांवत येऊन मनुष्याचा हात पकडतो, काठीचे फटके बसले तरी सोडीत नाहीं. "असला एक दारांत असला म्हणजे घोर नाहीं," असें त्यांचें म्हणणें.

आम्हीं त्यांस जें उत्तर पाठविलें त्यांतील बराच भाग इतर गृहस्थांच्याही उपयोगीं पडेल, म्हणून येथें विस्तारानें देत आहों.

प्रथम त्या चलच्चित्राविषयीं. आमच्या मित्रांनीं पाहिला तो हल्ला नसून परीक्षा होती. कॅप्टन माक्स फॉन श्टेफानिट्झ या जर्मन लष्करी अधिकाऱ्यानें १८९९ सालीं मेंढपाळी कुत्र्यांच्या जातीसाठीं एक संस्था काढली. कुरणें कमी होत होतीं, मेंढरें राखण्याचें काम संपत आलें होतें, आणि काम संपलें कीं जातीचे गुणही जावयाचे, नुसतें रूप उरावयाचें, ही त्याला चिंता होती. त्या चिंतेंतून 'शुट्सहुंड' म्हणजे रक्षक कुत्रा, या नांवाची कसोटी जन्मास आली. पुढें तिचें नांव व नियम अनेकदां बदलले, परंतु तिचीं अंगें तींच राहिलीं: माग काढणें, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येकास शंभर गुण. यांतील तिसरें अंग तेवढें लोक पाहतात. पहिल्या दोहोंना टाळ्या पडत नाहींत.

या तिसऱ्या अंगाची मांडणी पाहण्यासारखी आहे. मैदानावर दोन्ही बाजूंस मिळून सहा आडोसे उभे केलेले असतात. त्यांपैकीं एकांत मदतनीस लपलेला असतो. त्याच्या हातांत तागाची जाड बाही असते. कुत्र्यानें मालकाच्या इशाऱ्यासरशीं एकेका आडोशास वळसा घालीत जावयाचें आणि मनुष्य सांपडला कीं त्याच्यासमोर उभें राहून भुंकावयाचें. नुसतें भुंकावयाचें! मनुष्य स्तब्ध उभा असतां कुत्र्यानें त्यास धरलें, तर गुण कापले जातात. तो पळूं लागला किंवा काठी उगारून अंगावर आला, तरच धरण्याची मुभा. आणि धरावयाचें तें बाहीसच, भरल्या तोंडानें, स्थिरपणें. अर्धवट, घाबरट चावे घेणाऱ्या कुत्र्यास परीक्षक चांगले गुण देत नाहींत, कारण तसा चावा भीतीचा समजला जातो.

आणि मग खरी कसोटी येते. मदतनीस थांबतो, मालक दुरून एकच शब्द उच्चारतो, 'आउस', म्हणजे सोड. आणि कुत्र्यानें तत्काळ सोडावयाचें. पहिल्या आज्ञेनें न सोडल्यास परीक्षकाच्या संमतीनें आणखी दोनदां सांगतां येतें. त्यावरही न सोडल्यास कुत्रा बाद. मागें मिळविलेले सारे गुण त्याबरोबर जातात. ज्या पकडीनें आमचे मित्र मोहित झाले ती तर बहुतेक जातिवंत कुत्र्यांस खेळतां खेळतां येते. रक्त तापलेलें असतां ती सोडावयास शिकण्यांत मात्र महिनेच्या महिने जातात. शिवाय या सर्व प्रकारांत उतरण्यापूर्वीं कुत्र्यास आणखी एक परीक्षा द्यावी लागते. तींत तो रस्त्यावरील माणसें, सायकली, इतर कुत्रे यांच्यामधून शांतपणें चालतो कीं नाहीं हें पाहतात. जो रहदारींत दचकतो किंवा गुरगुरतो त्यास संरक्षणाचे धडे देण्याची परवानगीच नाहीं.

आतां हा सगळा व्याप वजा करून नुसता 'अंगावर जाणारा' कुत्रा घरीं आणला तर काय होईल? गुराख्याचा पोर ताक मागावयास येतो, टपालवाला फाटक ढकलतो, कन्येच्या मैत्रिणी परसांत धांवत सुटतात. धांवणारी लहान वस्तु धरावी हें कुत्र्याच्या स्वभावांतच आहे. धरूं नये हें तेवढें शिकवावें लागतें. आमच्या ओळखीच्या एका घरीं असा एक कुत्रा 'तयार' म्हणून विकत घेतला होता. विकणाऱ्यानें त्यास बांधून ठेवून काठीनें डिवचण्यापलीकडे कांहीं शिकविलें नव्हतें. घरच्याच पुतण्याच्या मांडीस सात टांके पडले, तेव्हां हें उघडकीस आलें.

बरें, बिबट्याचें काय? येथें तर उलटाच हिशेब आहे. बिबट्यास कुत्रा हें भय नव्हे, भक्ष्य आहे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास करून २०१४ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत बिबट्यांच्या आहाराच्या वजनापैकीं सुमारें ३९ टक्के भाग एकट्या कुत्र्यांचा निघाला. तो मुलूख उसाचा, चंद्रपूर-गडचिरोलीचा जंगलाचा. प्रमाण तेंच असेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अंगणांत साखळीनें बांधलेला कुत्रा, मग तो जर्मनीहून आणलेला कां असेना, बिबट्यास दाराशीं बोलावण्याचें काम करतो, एवढें निश्चित. जितका तो कडवा, तितका तो मागें न सरतां लढेल आणि मरेल.

असें असलें तरी त्या मुलुखांत कुत्रीं माणसांचें रक्षण करीत नाहींत असें मात्र नाहीं. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा झाला, आणि त्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ नक्षलवाद्यांच्या सुरुंगांच्या छायेंत गेला. १ मे २०१९ रोजीं, महाराष्ट्रदिनींच, कुरखेडा तालुक्यांत जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटानें पंधरा पोलीस व त्यांच्या गाडीचा चालक मृत्यु पावले. हें ज्या रस्त्यांवर घडतें त्या रस्त्यांवरून जवानांच्या पुढें चालणारा कुत्रा कोणास चावत नाहीं. त्याचें काम हुंगण्याचें. पुरलेल्या दारूचा वास आला कीं तो त्या जागीं खालीं बसतो किंवा स्तब्ध होतो, आणि शिकविणाऱ्याकडे पाहतो. उकरणें नाहीं, भुंकणें नाहीं, पंजा मारणें तर नाहींच. कारण एका पंजानेंच सर्व कांहीं आटोपण्याचा संभव. एरवीं कोणताही कुत्रा आवडीचा वास लागतांच माती उकरतो. येथें तें उकरणें गिळून बसावयास तो शिकतो. आणि बक्षीस काय, तर बहुधा एक चेंडू! त्या चेंडूच्या खेळासाठीं तो पुनः पुनः वास शोधतो. मरण म्हणजे काय हें त्याच्या गांवींही नसतें.

या कामाची एक अडचण सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं, ती उन्हाची. कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. तो धापा टाकून अंग निववतो. धापा टाकीत असतां नाकानें नीट हुंगतां येत नाहीं. चंद्रपुराकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हां जवान आणि कुत्रा दोघेही भल्या पहांटे कामास लागतात, आणि उन्हें चढलीं कीं चांगला शिकविणारा कुत्र्याच्या नाकावर भरंवसा ठेवीत नाहीं. त्याची जीभ किती बाहेर आली आहे हें त्यास आधीं पाहावें लागतें.

मुंबईकरांस या जातीच्या कामाची ओळख 'जंजीर' या कुत्र्यामुळें झाली. १९९३ च्या स्फोटांनंतर त्यानें ३३२९ किलो आर्‌डीएक्स, ६०० डिटोनेटर व २४९ हातबाँब शोधून दिल्याची नोंद आहे. २००० च्या नोव्हेंबरांत तो वारला, तेव्हां त्यास पोलिसी इतमामानें निरोप देण्यांत आला. एवढ्या कर्तबगारींत त्यास कोणाच्या अंगावर दांत रोवावा लागला नाहीं.

अरण्यांतही तोच प्रकार. ताडोब्याचें नांव तारू नामक गोंड वीरावरून पडलें, आणि तो वाघाशीं झुंजतां मेला, अशी त्या तळ्याकांठची आख्यायिका. १९५५ त तेथें राष्ट्रीय उद्यान झालें, १९९५ त व्याघ्रप्रकल्प. वाघाचा आतांचा शत्रु मनुष्य, आणि तो चोरून येतो. 'ट्रॅफिक' या संस्थेनें २००८ पासून वनखात्यांसाठीं कुत्रे शिकवून घेण्याचा उपक्रम चालविला. वाघाचें कातडें, हाडें यांचा वास ओळखण्यास ते शिकतात. प्रत्येक कुत्र्याबरोबर दोन माणसें शिकतात, आणि शिक्षणास कित्येक महिने लागतात. ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथें सीमा सुरक्षा दलाचें जें शिक्षणकेंद्र आहे तेथें यांपैकीं बरेच तयार झाले. पेटाऱ्यांत, गाडींत, धान्याच्या पोत्याखालीं दडविलेली वस्तु ते दाखवितात; चोरास धरणें हें मनुष्यांचें काम.

याचा दाखला आपल्या घरांतच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत पणींनीं पळविलेल्या गाईंचा माग काढीत इंद्राची दूती सरमा नदी ओलांडून जाते. पणी तिला बहीण मानूं लागतात, गाईंत वांटा देऊं करतात. ती तो नाकारते. तिच्याचवरून कुत्र्यास सारमेय म्हणूं लागले, आणि बाराव्या शतकांत सोमेश्वरानें 'मानसोल्लासां'त कुत्र्यांच्या शिकारीवर जें प्रकरण लिहिलें त्यासही 'सारमेयविनोद' हेंच नांव दिलें. परक्याच्या हातचें न खाणें हा आज पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणांतील एक धडा आहे. सरमेनें तो आधींच दिला होता असें म्हणावयास हरकत नाहीं.

तेव्हां मित्रांस आम्हीं लिहिलें तें असें. विकत कुत्रा आणूं नका; गांवांतीलच एखादें धडधाकट पिल्लूं घ्या. उन्ह, गोचीड, तेथील वास या सर्वांची त्यास संवय असते. रात्रीं त्यास घरांत घ्या, साखळीनें अंगणांत ठेवूं नका. रात्र पडल्यावर कन्येस एकटी परसांत जाऊं देऊं नका. न्हाणीघराच्या वाटेवर दिवा लावा, कुंपणालगतचें रान साफ करा, गोठ्यास दार बसवा. आणि पिल्लास रेबीज व डिस्टेंपर दोन्हींच्या लसी टोंचून घ्या. दुसरी लस केवळ त्याच्यासाठीं नव्हे. त्या जंगलांत कोळसून, म्हणजे रानकुत्रे, आहेत, वाघ आहेत. गांवकुत्र्यांचा हा रोग त्यांस लागूं शकतो. २०१८ सालीं गीरच्या सिंहांमध्यें त्याचा शिरकाव झाला होता, आणि वीसांहून अधिक सिंह दगावले त्या सुमारास तेथील सर्वच यंत्रणा हवालदिल झाली होती.

उत्तर त्यांस फारसें रुचलें नसावें, कारण दोन महिने पत्र आलें नाहीं. मग आलें तें असें: पिल्लूं तांबूस रंगाचें असून कन्येनें त्याचें नांव 'लाडू' ठेवलें आहे. गेल्या अमावास्येस मध्यरात्रीं तें पलंगाखालून असें कांहीं भुंकूं लागलें कीं सारें घर जागें झालें, शेजारीं दिवे लागले, कोणीं थाळ्या वाजविल्या. सकाळीं गोठ्याच्या बंद दारासमोर ओल्या मातींत पंजांचे ठसे होते. लाडूला बाहेर काढण्यास मात्र दूधभाकर दाखवावी लागली. ऊन्हें वर येईपर्यंत तो पलंगाखालून निघावयास तयार नव्हता.