खेळासाठी खेळती हवा

घराघरांत टेबलाखाली किंवा टेबलाशेजारी उभ्या असलेल्या त्या उंच पेटीला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो. शाळेत म्हणतो, कचेरीत म्हणतो, दुरुस्तीला नेतानाही म्हणतो. वास्तविक सीपीयू म्हणजे त्या पेटीच्या पोटात बसवलेला, चार-साडेचार सेंटिमीटर लांबीरुंदीचा एक चौकोनी तुकडा. पेटीचे बाजारातले नाव 'कॅबिनेट'. आतल्या एका अवयवाचे नाव सगळ्या देहाला देऊन आपण मोकळे झालो. त्यामुळे ही पेटी स्वतंत्रपणे निवडायची वस्तू आहे, हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तयार संगणक घेणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. पण सुटे भाग आणून खेळांसाठी संगणक जुळवणाऱ्या मुलांचे, आणि त्यासाठी पैसे मोजणाऱ्या त्यांच्या आईवडिलांचे, नेमके इथेच अडते.

अशी घरे आता थोडी नाहीत. बारावी झाली की मुलाला किंवा मुलीला गेमिंगचा संगणक हवा असतो. साठ-सत्तर हजारांचा आकडा निघतो. वडील म्हणतात, एवढ्यात चांगला लॅपटॉप येईल. मुलगा म्हणतो, लॅपटॉपमध्ये पुढे काही बदलता येत नाही. महिनाभराच्या वाटाघाटींनंतर आकडा मंजूर होतो. मग प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते, यावर रात्री-रात्री अभ्यास चालतो. कॅबिनेट मात्र यादीत सर्वांत खाली असते. उरलेल्या पैशांत बसेल ते, किंवा ज्यात दिवे जास्त चमकतात ते, अशी त्याची निवड होते.

बँकेत असताना लघुउद्योगांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावर येत. अर्जदाराला लेथ कोणत्या कंपनीचा, किती अश्वशक्तीचा, हे तोंडपाठ असे. पण ज्या शेडमध्ये तो बसवायचा, तिचा पाया, छप्पर, हवा-उजेड यांची रक्कम अंदाजपत्रकात हमखास तोकडी धरलेली असे. यंत्र चांगले असूनही शेडपायी काम रखडलेली प्रकरणे मी पाहिली आहेत. कॅबिनेट ही संगणकाची शेड आहे. तिच्यामुळे यंत्राची ताकद वाढत नाही. पण जी आहे ती टिकते की वाया जाते, हे पुष्कळसे तिच्यावर ठरते.

आधी थोडा इतिहास. १९८१ साली आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा त्याची पेटी आडवी होती आणि पडदा तिच्या डोक्यावर बसत असे. पुढे पेट्या उभ्या झाल्या आणि त्यांना 'टॉवर' हे नाव मिळाले. उंचीप्रमाणे फुल, मिड आणि मिनी असे प्रकार पडले. त्या काळच्या पेट्यांना पुढे कुलपाची किल्ली असे, 'टर्बो' नावाचे बटण असे, फ्लॉपीची फट असे. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना ते आठवत असेल. खरा बदल घडला तो १९९५ मध्ये. इंटेलने 'एटीएक्स' नावाचे मोजमाप जाहीर केले: मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा (म्हणजे १२ इंच बाय ९.६ इंच), स्क्रूची भोके अमुक ठिकाणी, मागची जोडणीची खिडकी अमुक आकाराची. तीस वर्षे उलटली, आतला प्रत्येक भाग अनेकदा बदलला, पण हे माप टिकून आहे. त्यामुळेच एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या पेटीत आणि तिसरीच्या वीजपुरवठ्यावर निमूटपणे बसतो. पेटीचे बहुतेक स्क्रू आजही इंची आट्यांचे असतात. जगात एवढी भांडणे असताना स्क्रूच्या भोकांवर मात्र सर्वांचे एकमत राहिले, ही गोष्ट मला नेहमीच दिलासा देणारी वाटते.

मिड टॉवर म्हणजे साधारण पंचेचाळीस-पन्नास सेंटिमीटर उंचीची, पूर्ण आकाराचा एटीएक्स बोर्ड सहज सामावणारी पेटी. मध्यम खर्चाच्या संगणकाला ती पुरेशी. आता ती निवडायची कशी?

पहिला आणि मोठा मुद्दा उष्णतेचा. संगणक जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. मध्यम ताकदीचा संगणक खेळ चालू असताना तीनशे ते चारशे वॅट घेतो. म्हणजे जुन्या काळचे साठ वॅटचे पाच-सहा दिवे एका पेटीत कोंडून पेटवल्यासारखे झाले. ती उष्णता बाहेर गेली नाही तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतात. मुलगा म्हणतो, 'गेम अडकतोय.' वडिलांना वाटते, कार्ड भिकार निघाले. दोष बहुधा कार्डाचा नसतो. ते गुदमरलेले असते. शिवाय वीजपुरवठ्यातले कपॅसिटर उष्णतेने लवकर म्हातारे होतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे.

इथे परदेशी परीक्षणे वाचणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. ती बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. पेटीतला पंखा हवा थंड करीत नाही, खोलीतलीच हवा आत घेतो. बावीस अंशांच्या खोलीत जे कार्ड पंचाहत्तर अंशांवर चालते, ते सदतीस अंशांच्या खोलीत नव्वदीकडे सरकणार. अकोला, चंद्रपूर, नागपूर येथे मे महिन्यात बाहेरचा पारा पंचेचाळीसवर जातो. तिथल्या मुलाने पुण्या-मुंबईच्या, त्यातही वातानुकूलित खोलीतल्या मुलाचे अनुकरण करून चालणार नाही. कूलरचा झोतही थेट पेटीवर सोडू नये. तो गार असतो, तसा दमटही असतो.

म्हणून पेटीचा पुढचा भाग पाहावा. फ्लॉपी आणि सीडीचे दिवस संपल्यावर ही जागा मोकळी झाली आणि उत्पादकांनी तिथे सपाट पत्रा किंवा काच बसवायला सुरुवात केली. दिसायला देखणे, पण हवेला वाट कडेच्या बोटभर फटीतून. पुढे त्यांचे त्यांनाच उमगले. एनझेडएक्सटी कंपनीच्या २०१८ च्या एच-५०० या लोकप्रिय पेटीला समोर बंद पत्रा होता. त्याच कंपनीच्या २०२२ च्या 'एच-५ फ्लो'ला समोर भोकांची जाळी आली. कॉर्सेअरने २०२० साली '४०००डी' काढली तेव्हा जाळीवाल्या आवृत्तीच्या नावातच 'एअरफ्लो' घातले. स्वस्त पेट्यांतही आता पुढे जाळी असलेले नमुने भरपूर मिळतात. दुकानात जाळीसमोर हात धरून पलीकडचे दिसते का, एवढे पाहिले तरी पुरते. आपल्या वाड्यांत, चाळींत समोरासमोर खिडक्या ठेवीत, त्यामागचे तत्त्व हेच. पुढून गार हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर. तिला आपण खेळती हवा म्हणतो. खेळाच्या संगणकालाही तीच हवी.

पंखे किती, यापेक्षा कसे, हे विचारावे. खोक्यावर 'चार आरजीबी पंखे' असे ठळक छापलेले असते. पण अगदी स्वस्त पेट्यांतले पंखे पुष्कळदा थेट वीजपुरवठ्याला जोडायचे असतात. त्यांचा वेग कमी-जास्त करता येत नाही, ते अहोरात्र एकाच सुरात घोंघावतात. मदरबोर्डला जोडता येणारे दोन पुढे, एक मागे, असे तीन साधे पंखे त्याहून बरे. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा लोटतो, म्हणून १४० मिलिमीटरचा १२० पेक्षा शांत. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी. मग धूळ फटींतून न येता पुढच्या गाळणीतच अडते. ही गाळणी पेटी न उघडता काढता येते का, ते पाहावे. चारी बाजूंनी इमारती उठत असलेल्या आपल्या शहरांत ती दर पंधरवड्याला झटकावी लागते. काढायला कटकट असली तर कोणी झटकत नाही.

दुसरा मुद्दा मापांचा. चार आकडे कागदावर लिहून नेले की पुरे. ग्राफिक्स कार्डाची लांबी: दोन पंख्यांचे साधारण २०० ते २५० मिलिमीटर, तीन पंख्यांचे ३०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त. प्रोसेसरवरच्या कूलरची उंची: चांगले उभे कूलर १५५ ते १६५ मिलिमीटरपर्यंत जातात, आणि पेटी अरुंद असली तर झाकण लागत नाही. वीजपुरवठ्याची लांबी, हा तिसरा. पाण्याचे कूलिंग पुढच्या बाजूला बसवायचे असेल तर रेडिएटर आणि पंखा मिळून पाच सेंटिमीटर कार्डाच्या जागेतून वजा होतात, हा चौथा. शिवाय बोर्डामागे वायरी दडवायला दोन सेंटिमीटर तरी जागा असावी. पलंगाची मापे न घेता तो जिन्यावरून चढवायला निघालेल्या माणसाची जी गत होते, ती इथे टाळता येते.

तिसरा मुद्दा फुकटाचा. 'कॅबिनेटसोबत एसएमपीएस मोफत' ही पाटी आपल्या बाजारात नेहमी दिसते. टंकलेखनापुरत्या संगणकाला तो चालूनही जातो. पण ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला तो लावणे म्हणजे घराची सगळी वायरिंग लग्नाच्या मांडवातल्या माळांच्या वायरने करण्यासारखे आहे. पेटी आणि एसएमपीएस वेगवेगळे घ्यावेत. आणि पैसे कमी पडले तर पेटीची काच, दिवे सोडावेत, एसएमपीएसची प्रत सोडू नये. जाता जाता आणखी एक. पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार जुन्या घरांतून येते. दुकानदाराशी भांडण्याआधी भिंतीतले सॉकेट वायरमनला दाखवावे. एसएमपीएसमधून पत्र्यावर येणारा अत्यल्प प्रवाह अर्थिंगवाटे जायचा असतो; तिसऱ्या पिनेमागे तारच नसेल तर तो तुमच्या बोटातून जातो.

चौथा मुद्दा काचेचा. आता तीन-चार हजारांच्या पेटीलाही एका बाजूने कडक केलेली काच असते. ती मजबूत असते, पण तिचा जीव कडेत आणि कोपऱ्यांत. सिरॅमिक फरशी काचेहून कठीण असते. कोपरा फरशीवर नुसता टेकला तरी अख्खी काच क्षणात चुरा होऊ शकते. आपली घरे तर फरशांचीच. काच काढली की ती सतरंजीवर किंवा जुन्या गोधडीवर आडवी ठेवावी. ज्या घरात रांगते मूल आहे, तिथे पत्र्याच्या झाकणाची पेटी मिळाली तर तीच घ्यावी.

बाकीच्या गोष्टी लहान पण उपयोगाच्या. मागच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या स्क्रूने बसणाऱ्या असाव्यात. मोडून काढायच्या पट्ट्या एकदा काढल्या की भगदाड राहते, आणि उबदार जागी पाल आणि झुरळे यांना निमंत्रण लागत नाही. पत्र्याच्या कडा दुमडलेल्या असाव्यात, म्हणजे बोटे कापत नाहीत. कोकणात रंग न लागलेल्या कडा आधी गंजतात, तिथे नजर टाकावी. झाकण काढून पेटी दोन कोपऱ्यांत धरून हलकेच पिळून पाहावी. फार वाकली तर पत्रा पातळ.

राहिला पैशांचा प्रश्न. आज साधारण चार ते सहा हजारांत पुढे जाळी, तीन-चार पंखे आणि पुरेशी जागा असलेली मिड टॉवर पेटी मिळते. साठ-सत्तर हजारांच्या संगणकात पेटीवर एकूण खर्चाच्या दहाव्या भागाहून अधिक घालू नये. जास्तीचे पैसे कार्डात घालावेत. दीड-दोन हजारांचीही घेऊ नये. आयकराच्या हिशेबात संगणकावर वर्षाला चाळीस टक्के घसारा धरतात, आणि आतल्या भागांच्या बाबतीत ते रास्तच आहे. पण पेटीला हा नियम लागू पडत नाही. बोर्ड बदलेल, कार्ड बदलेल. पेटी दोन-तीन संगणक सहज पाहील. दहा वर्षांनी वाटून पाहिले तर पाच हजारांची पेटी वर्षाला पाचशे रुपयांत पडते.

आईवडिलांना मात्र याहून वेगळे काही सांगावेसे वाटते. खेळ हे व्यसन की विरंगुळा, हा वाद प्रत्येक घराने आपापला सोडवावा. पण मूल लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या दुकानात मापांचा कागद घेऊन उभे राहते, चकाकणारी पेटी बाजूला ठेवून साधी जाळीची मागते, उरलेले बाराशे रुपये एसएमपीएसमध्ये घालते, तेव्हा ते खर्च करायला शिकत असते. दिसणे आणि असणे यांत पैसे कुठे घालायचे, हा प्रश्न त्याला पुढे घर घेताना पडणार आहे, लग्न करताना पडणार आहे. तेव्हा दुकानात त्याच्याबरोबर जावे, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा. घरी आल्यावर तो बोर्ड बसवू लागेल तेव्हा टॉर्च धरायला कोणी तरी लागतेच. ते काम वडिलांनी मागून घ्यावे, आणि शक्यतो सूचना करू नयेत.