गार पाण्याच्या टबासाठी कोणते पिंप घ्यावे?

उन्हाळ्यात पाळी संपवून आलेल्या माणसाला टबभर गार पाण्यात बसावेसे वाटणारच. त्यासाठी महागडा टब नको. गुडघे दुमडून बसता येईल असा धुण्याचा मोठा टब पुरतो. मात्र आपल्या मोहोपाडा-रसायनीत भंगारातले २०० लिटरचे निळे पिंप कापून घ्यायचा मोह होतो, तिथे जपावे. रसायनाचे पिंप सोड्याने कितीही घासले तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेले द्रव्य पुरते निघत नाही. वास गेला म्हणजे विष गेले, असेही नाही. लेबल खरवडलेले पिंप तर फुकटही घेऊ नये.

बर्फाची चैन खेळाडूंना लखलाभ! आपल्याला नळाचे पाणी पुरे. आधी पाय बुडवावेत, मग सावकाश बसावे. पाच-दहा मिनिटे खूप झाली. गारठ्याने श्वास लागतो, रक्तदाब चढतो. म्हणून हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारावे. दारू प्यालेल्याने बसूच नये.

उष्माघातात मात्र हाच टब जीव वाचवू शकतो. खारघरला १६ एप्रिल २०२३ च्या भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर १४ जण दगावले, हे विसरता येत नाही. अंग भाजते आहे, माणूस बरळतो आहे, असे दिसताच १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत त्याला गळ्यापर्यंत पाण्यात बसवावे. इथे बर्फ जरूर टाकावा. डोके कोणीतरी धरून ठेवावे.

वापर झाला की टब लगेच रिकामा करून पालथा घालावा. वीतभर पाण्यातही तान्हे मूल बुडते आणि डेंग्यूचा डास अशाच साठवणीत अंडी घालतो.