रक्तात काय, ताटात काय



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या आणि चहा यायच्या आतच एका काकूंना रडू फुटलं. त्यांच्या मुलीचं जमत आलेलं लग्न फिसकटलं होतं. कारण काय, तर काकूंना शुगर आहे. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, "आईला आहे म्हणजे पोरीच्याही रक्तात असणार." काकू म्हणाल्या, "माझ्यामुळं माझ्या लेकीचं नुकसान झालं."

आम्ही सगळ्याजणी गप्प बसलो. खरंच सगळं रक्तातच ठरलेलं असतं का? त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही आशाताईंना विचारलं, मिळेल ते वाचलं. जे समजलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

वाचताना एका डॉक्टरांचं नाव सारखं समोर येत होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. शिक्षण पुण्यात, पुढं काही काळ इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला काम, आणि मग परत पुण्यात. मधुमेह हा लठ्ठ आणि उतारवयातल्या माणसांचा आजार, असं पुस्तकात लिहिलेलं. पण त्यांच्यासमोर येणारे बरेच पेशंट तरुण आणि बारीक अंगाचे. पुस्तक चुकतंय की माणसं वेगळी आहेत, हा प्रश्न त्यांनी धरला आणि पुढची सगळी वर्षं त्यामागं घालवली.

इंग्लंडमधले डॉ. डेव्हिड बार्कर तेव्हा म्हणत होते, की जन्मताना वजन कमी असलेल्या मुलांना मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो. म्हणजे आजाराचं मूळ आईच्या पोटात. हे आपल्याकडं तपासायचं म्हणून १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू झालं. बार्कर यांच्या सहकारी डॉ. कॅरोलिन फॉल त्यात होत्या. जवळपास अडीच हजार विवाहित बायकांची नोंद झाली. पाळी चुकली का, हे दर महिन्याला घरी जाऊन विचारलं जायचं. दिवस गेले की आईचं वजन, उंची, जेवण, रक्त, रोजचं कामसुद्धा लिहून घ्यायचे. दारोदार फिरून अशा गोष्टी विचारणं किती अवघड असतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

दिवस राहण्याआधी या बायकांचं सरासरी वजन होतं जेमतेम ४२ किलो. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन शहरातली बाळं ३.५ किलोची. पण चिमट्यासारख्या साधनानं कातडीची जाडी मोजली तेव्हा डॉक्टरच चकित झाले. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र त्या मानानं बरीच टिकून. बाहेरून किडकिडीत, आतून चरबी.

स्वतः डॉक्टरही तसेच निघाले. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. यूडकिन यांनी आपले दोघांचे फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंची आणि वजनाचा मेळ दोघांचा अगदी सारखा. पण यूडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणून मैत्रिणींनो, "मी तर बारीक आहे, मला कशाची शुगर" असं म्हणून तपासणी टाळू नका.

आता काकूंच्या प्रश्नाकडं येऊ. रक्तातून येतं ते म्हणजे जनुकं. आई आणि वडील, दोघांकडून निम्मी निम्मी. मधुमेहाचा धोका वाढवणारी काही जनुकं खरंच असतात. याज्ञिकांनी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांबरोबर तेही काम केलं. पण जनुकं म्हणजे सगळं नव्हे. समजा, जनुकं म्हणजे घरातली पोथी. पोथी तीच राहते. पण कोणतं पान वाचायचं आणि कोणतं मिटून ठेवायचं, यासाठी पानापानाला खुणा लावलेल्या असतात. अक्षर बदलत नाही, वाचन बदलतं. या खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात.

या खुणा किती काळ टिकतात, हे नेदरलँड्स या देशात दिसलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धात, जर्मन सैन्यानं तिथं अन्नाची वाट अडवली. लोकांची उपासमार झाली. त्याच सुमारास ज्यांच्या आयांना दिवस गेले, त्या मुलांचं रक्त साठ वर्षांनी तपासलं. वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी निघाल्या. आईबाप तेच, फरक फक्त आईच्या पोटाला मिळालेल्या अन्नाचा.

खुणा लावायला शरीराला लागतं फोलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व. पुण्याजवळच्या त्या गावांत आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी आयांच्या जेवणाचा अभ्यास केला. ज्या आयांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त, त्यांची बाळं मोठी होती. नुसतं पोट भरून भागत नाही, हे त्यातून कळलं. बी-१२ मात्र जवळजवळ दोन तृतीयांश आयांमध्ये कमी होतं. ते पालेभाजीत नसतं. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. आणि आपल्याकडं दूध जातं डेअरीला, उरलं तर चहाला. अंडं पोराच्या ताटात.

ती मुलं मोठी झाली. नव्वद टक्क्यांहून जास्त कुटुंबं वर्षानुवर्षं या अभ्यासात टिकून राहिली. अठराव्या वर्षी तपासलं तेव्हा निम्मी मुलं कमी वजनाची होती, तरीही ३७ टक्के मुलग्यांची आणि १८ टक्के मुलींची शुगर वाढलेली निघाली. त्याआधी, २०१२ मध्ये, याच मुलामुलींना लग्नाआधीपासून बी-१२ द्यायचं काम सुरू झालं होतं. लक्षात घ्या, मुलग्यांनाही दिलं. बाळाची तयारी पोटात आल्यावर नव्हे, त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, हा त्यामागचा विचार.

मग दोष आईचा का? नाही, मैत्रिणींनो. ४२ किलोची आई कुणीतरी अर्धपोटी ठेवलेली मुलगी असते, आणि तिची आईही तशीच असते. हे कर्ज एकटीनं काढलेलं नाही, मग हप्ते तिनं एकटीनं का भरायचे? घरानं मिळून भरायला हवेत. दूध प्यायलं म्हणजे मधुमेह होणारच नाही, असंही नाही. पण रक्तात काय आलं ते आपल्या हातात नसतं, ताटात काय पडतं ते बरंचसं असतं.

काकूंच्या लेकीला आम्ही सांगितलं, आईला शुगर आहे म्हणून तू तपासून घे, दर वर्षी घे, आणि मान खाली घालू नकोस. काकूंना सांगितलं, रडू नका. आणि गटात ठराव केला. डेअरीला दूध घालायच्या आधी अर्धा लिटर घरात काढून ठेवायचं, ते लेकी आणि सुनांसाठी. घरातल्या बाईनं सगळ्यांच्या शेवटी नाही, सगळ्यांबरोबर जेवायचं. शाळेतल्या मुलींना मिळणारी निळी गोळी आणि गरोदरपणातली लाल गोळी चुकवायची नाही. बी-१२ बद्दल नर्सताईंना किंवा डॉक्टरांना विचारायचं, मनानं औषध घ्यायचं नाही.

पहिल्या आठवड्यात दोघींच्या सासूबाई रागावल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या एका सासूबाईंनीच पेला भरून सुनेच्या हातात दिला. तुमच्या गटात हा विषय काढून बघा, आणि काय झालं ते आम्हाला जरूर कळवा.